फ्रॉक तयार, पण दार बंद!

अमेरिकेत शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले की मुलामुलींचा नाचाचा समारंभ होतो. त्याला 'प्रॉम' म्हणतात. आपल्या निरोप समारंभासारखाच, पण रात्रीचा आणि बहुधा जोडीने जायचा. १९५० नंतरच्या दहा वर्षांत त्याचा थाट फार वाढला. मुलींचे फ्रॉक कंबरेत घट्ट, खाली पोटरीपर्यंत घेरदार. घेर फुगून राहावा म्हणून आत ताठ जाळीच्या परकरांचे थर. मुलांचा पांढरा कोट, गळ्याला काळा बो. ऐपत नसेल तिथे आई कागदी नमुन्यावरून घरीच फ्रॉक बेतायची.

पण वाचकहो, फ्रॉक शिवता येतो, सभागृहाचे दार कोण उघडणार? १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. १९५७ साली लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी लष्कराच्या पहाऱ्यात गेले. वर्गात बसायला मिळाले, वर्गाबाहेरच्या कार्यक्रमांत मात्र मज्जाव!

आणि नाच तरी कोणाचा? 'ट्विस्ट'चे गाणे रचले हँक बॅलर्डने, १९६० मध्ये गाजविले चबी चेकरने. दोघेही कृष्णवर्णीय. त्यांच्या तालावर सारी गोरी पोरे कंबर हलवीत होती.

बाल्टिमोरच्या दूरदर्शनवर 'बडी डीन शो' हा शाळकरी मुलांच्या नाचाचा कार्यक्रम होता. कृष्णवर्णीय मुलांना त्यात वेगळा दिवस. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांच्या दिवशी काही गोरी मुलेमुली आत शिरली आणि कॅमेऱ्यासमोर सगळे एकत्र नाचले. कार्यक्रम सर्वांना खुला करण्याऐवजी जानेवारी १९६४ मध्ये तो बंदच केला गेला. त्यावर बेतलेल्या 'हेअरस्प्रे' (१९८८) सिनेमात शेवट गोड आहे, तो सिनेमापुरताच.

मिसिसिपीतील चार्ल्सटनची शाळा १९७० साली एक झाली, पण प्रॉम दोन राहिले. पालकांनी ते खाजगी म्हणून भरवायचे, म्हणजे शाळेच्या हिशेबवहीत नोंदच नको! (कारकुनाला ही युक्ती लगेच कळते.) त्याच गावचे नट मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्ये, एकत्र प्रॉम कराल तर सारा खर्च माझा, असे सांगितले. कोणी मनावर घेतले नाही. २००८ साली त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा होकार आला. त्या वर्षी दोन्ही वर्णांची मुलेमुली प्रथमच एका सभागृहात नाचली. काही गोऱ्या पालकांनी मात्र त्या वर्षीही आपला वेगळा प्रॉम भरविलाच.