पोलीस ठाण्याआधी दवाखाना : अत्याचारपीडित बालक आणि आपण

पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखाद्या वाड्यावर लहान मुलावर अत्याचार झाला, तर त्याची आई प्रथम कोठे जाते? बहुधा पोलीस ठाण्यात नाही, वकिलाकडे तर नाहीच. पोटात दुखते, लघवीला जळजळ होते, मूल रात्री दचकून उठते, असे कारण सांगून ती ओळखीच्या डॉक्टरकडे येते. त्या घटकेला न्यायव्यवस्थेचा पहिला दरवाजा आपला दवाखाना असतो. तो उघडला नाही, तर पुढचे दरवाजे असूनही नसल्यासारखेच.

गोव्याला हा विषय नवा नाही. अनाथ मुलांना आसरा देण्याच्या नावाखाली त्यांचे लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल अधिनियम केला व मुलांसाठी स्वतंत्र बालन्यायालयाची तरतूद केली. पुढे २०१२ मध्ये देशभरासाठी पॉक्सो कायदा आला. कायदे आहेत, ते पीडितापर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न उरतो.

उपचार प्रथम

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३९७ नुसार लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ व विनामूल्य उपचार केले पाहिजेत आणि पोलिसांना कळविले पाहिजे. उपचार नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत पोलिसांचे पत्र किंवा न्यायालयाचा आदेश आधी मागता येत नाही, असे पॉक्सो नियमावली, २०२० स्पष्ट सांगते. 'आधी तक्रार नोंदवून या' हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

वेळेचे महत्त्व मोठे आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भप्रतिबंधक गोळीही जितकी लवकर, तितकी उपयुक्त. शरीरावरील नमुने साधारणपणे ९६ तासांपर्यंत घेतले जातात. तपासणीपूर्वी मुलाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते वाळवून प्लॅस्टिकमध्ये नव्हे, कागदी पिशवीत ठेवावेत. पेडण्याहून म्हापसा वा बांबोळी गाठण्यात, बसची वाट पाहण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून १०८ रुग्णवाहिका बोलवावी आणि पाठविण्यापूर्वी प्रथमोपचार करावेत.

मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच, पालक किंवा मुलाच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावयाची असते. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गैर ठरविली आणि २०२२ मध्ये तिच्यावरील बंदीचा कडक शब्दांत पुनरुच्चार केला. मुलाने जे सांगितले ते कोकणी असो वा मराठी, त्याच्याच शब्दांत लिहावे. तेच तेच प्रश्न पुन्हा विचारू नयेत.

कळविणे ऐच्छिक नाही

पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची शंका असली तरी पोलिसांना कळविणे सर्वांना बंधनकारक आहे. डॉक्टर त्यास अपवाद नाहीत. कुटुंबाला भीती वाटते ती ठाण्याची. त्यांना सांगावे, की मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदविली जाते व तिची प्रत विनामूल्य मिळते. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आपल्या गावांत नाव न घेताही ओळख पटते. तेव्हा आपल्या कर्मचाऱ्यांनाही मौनाची सक्त ताकीद द्यावी.

पुढील वाटेवरील आधार

पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावयाचे असते. समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत सोबत राहते. अन्न, कपडे, प्रवास अशा निकडीच्या गरजांसाठी तातडीच्या रकमेची शिफारसही समिती करू शकते. समुपदेशन, ठाणे व न्यायालय येथे सोबत करण्यासाठी गोव्यात 'व्हिक्टिम असिस्टन्स युनिट' ही व्यवस्था उभी राहिली आहे.

नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरीही भरपाईची शिफारस होऊ शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारपीडितेस ४ ते ७ लाख रुपयांची मर्यादा असून पीडित अल्पवयीन असल्यास ती ५० टक्क्यांनी अधिक आहे. मुलांच्या प्रकरणी हीच योजना मार्गदर्शक मानावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले. प्रौढ पीडितांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तेथे स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य वकील मिळतो.

रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला खटल्याची प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला दिवस. असा आधार आहे हे त्यांना ठाऊक नसेल, तर ती माणसे दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच खचतात आणि 'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांचे फावते.

म्हणून प्रत्येक दवाखान्यात दर्शनी जागी पाच क्रमांक लावावेत : आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, विधी साहाय्यासाठी १५१००. कागद एक रुपयाचा आहे. पण जी आई काहीच बोलू शकत नाही, तिची नजर त्यावर पडली, की येथे बोलता येते एवढे तरी तिला कळेल. पुढचे काम आपले.