साहेबांनी शेवटी बोलावे

मीटिंगमध्ये साहेबांनी आधी मत दिले की बाकीच्यांच्या माना डोलतात आणि चर्चा तिथेच संपते. नुकसान कामाचेच होते. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात ६९९ जणांना छोट्या गटांत कामे दिली होती. गटाचे यश त्यातल्या सर्वांत हुशार माणसावर फारसे ठरले नाही. जिथे बोलणे मोजक्यांनीच अडवून धरले, ते गट मागे पडले.

सगळ्यांना बोलू दिले तर वेळ जातो, आणि जाणकाराचे मत इतरांच्याच तागडीत कसे तोलायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण समान संधी म्हणजे समान वजन नव्हे. निर्णय जाणकारानेच घ्यावा, माहिती मात्र सगळ्यांकडून यावी. मशीनचा आवाज बदलला हे ऑपरेटरलाच आधी कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीत चिरा देण्यापूर्वी नर्ससकट प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचे असते. एकदा तोंड उघडले की पुढे धोका दिसल्यावर बोलणे सोपे जाते. ऑफिसात विषय आदल्या दिवशी कळवावा, सुरुवातीला प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे, मग सर्वांत नव्या माणसापासून बोलायला सुरुवात करावी. गप्प बसणाऱ्याला अचानक नाव घेऊन उभे करणे मात्र टाळावे. त्याने तो आणखीच आक्रसतो.