'द' या उपपदाचा मान

इंग्रजी व्याकरणातील 'द' हे निश्चायक उपपद म्हणजे, ज्या वस्तूचा निर्देश चालला आहे ती नेमकी कोणती हे श्रोत्यालाही ठाऊक आहे, असे वक्त्याने गृहीत धरल्याची सनदच होय; म्हणूनच "अ डॉग" म्हणून गोष्टीत शिरलेला कुत्रा पुढच्याच वाक्यात "द डॉग" होतो. एवढे शाळेत शिकवतात. खरी गंमत त्यापुढे आहे.

"ही इज इन प्रिझन" म्हटले की तो मनुष्य कैदी ठरतो, परंतु "ही इज इन द प्रिझन" म्हटले की तो तेथे कामाला आलेला गवंडी, वकील किंवा मुलाखतीस आलेला आप्तही असू शकतो; एवढ्याशा अक्षरावर माणसाची अब्रू अवलंबून राहावी, हा प्रकार मला मोठा रंजक वाटतो. हॉस्पिटलच्या बाबतीत ब्रिटिश लोक हाच भेद पाळतात. अमेरिकन मात्र रुग्णालाही "इन द हॉस्पिटल" म्हणून मोकळे होतात.

भूगोलाच्या प्रांतातील रिवाज आणखी तऱ्हेवाईक. नद्या, समुद्र व पर्वतरांगा यांना उपपदाचा मान आहे, एकट्या शिखराला वा सरोवराला तो सहसा नाही. म्हणून "द गोदावरी", "द आल्प्स", पण नुसते "माउंट एव्हरेस्ट" आणि "लेक सुपीरियर". देशांपैकी गांबियाने हे उपपद आपल्या अधिकृत नावात आग्रहाने राखले, तर १९९१ साली स्वतंत्र झालेल्या युक्रेनने, त्यात देशापेक्षा एखाद्या प्रांताचा ध्वनी उमटतो म्हणून, ते त्याज्य ठरवले. तेव्हा जुन्या सवयीने कोणी अद्याप "द युक्रेन" लिहीत असतील, त्यांनी ते उपपद आता वगळावे, ही विनंती.