गोळी, उजेड आणि चाड्यावरची मूठ

भाचीनं आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रंगानुसार गोळ्या वेगळ्या करणारं यंत्र करायचं ठरवलं आणि सोलापुरातल्या आमच्या घराची पडवी चपलांचे खोके, वायरी आणि कापलेल्या बाटल्यांनी भरून गेली. वर नरसाळ्यात जेम्सच्या गोळ्या ओतायच्या, मधल्या चकतीनं एकेक गोळी सेन्सरखाली न्यायची आणि खालच्या फिरत्या पन्हाळीनं ती आपल्या रंगाच्या वाटीत सोडायची, एवढंच काम. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी ठामपणे सांगून जायचा. त्यातलं बरंचसं चूक होतं. अशा चुकीच्या समजुतींमुळेच कितीतरी मुलं या खेळाला हात लावत नाहीत, म्हणून त्या एकदा नीट तपासाव्यात असं वाटलं.

पहिली समजूत खर्चाची. यासाठी कॅमेरा, कॉम्प्युटर आणि आता तर एआय लागणार, असं सर्रास बोललं जातं. लागत नाही. आर्डुइनो उनो नावाचा हाताच्या पंजात मावणारा बोर्ड, एक रंगाचा सेन्सर आणि नऊ ग्रॅमच्या दोन सर्व्हो मोटारी, एवढ्यावर काम होतं. सगळं मिळून साधारण हजार-दीड हजार रुपयांत बसतं. बाकी पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि चिकटपट्टी.

दुसरी समजूत मात्र खोलवर रुजलेली आहे: सेन्सरला रंग ओळखता येतो. भाचीही पहिल्या दिवशी म्हणाली, "मामा, त्याला कळतंय की लाल कुठली ते." मी तिला रात्री दिवे बंद करायला लावले, मोबाइलच्या पडद्यावर गडद हिरवा रंग भरला आणि त्या उजेडात लाल गोळी धरली. गोळी काळी दिसली. शेजारची हिरवी मात्र चमकत होती. लाल गोळी लाल दिसते, कारण पांढऱ्या उजेडातला लाल भाग ती परत पाठवते आणि उरलेला बराचसा शोषून घेते. उजेडात लाल नसेल, तर परत पाठवायला तिच्याकडे काहीच नसतं.

टीसीएस ३२०० हा सेन्सर याच तत्त्वावर चालतो. त्याच्या चिपवर उजेड टिपणारे ६४ बारीक डायोड आठ-आठच्या रांगांत मांडलेले असतात. त्यांतल्या १६ वर लाल गाळणी, १६ वर हिरवी, १६ वर निळी आणि १६ उघडे. बोर्ड आळीपाळीनं विचारतो: लाल गाळणीतून किती उजेड आला, हिरवीतून किती, निळीतून किती? उत्तर येतं ते ठोक्यांच्या रूपात. उजेड जास्त तर ठोके भराभर, कमी तर संथ. म्हणजे सेन्सर फक्त तीन आकडे देतो. 'लाल' हे नाव त्या आकड्यांना आपण चिकटवतो.

इथेच मुलं हमखास अडखळतात. आकडा मोठा म्हणजे रंग जास्त, असं त्यांना वाटतं. पण नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये एका ठोक्याचा कालावधी मोजलेला असतो. उजेड वाढला की ठोके जवळजवळ येतात आणि कालावधी घटतो, म्हणून लहान आकडा म्हणजे जास्त उजेड. आमची लाल गोळी दोन दिवस निळ्याच्या वाटीत पडत होती, ती यामुळेच.

"सेन्सर महागातला घ्या, म्हणजे चुकणार नाही," हाही सल्ला मिळाला. आमच्याकडे सेन्सर ठीक होता, जागा चुकली होती. खिडकीपाशी यंत्र सकाळी सहा वाजता बरोबर चाले आणि दुपारी पार गोंधळून जाई. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर असतात. या सेन्सरच्या गाळण्या ते अडवत नाहीत, त्यामुळे तिन्ही आकडे एकदमच घटतात. ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी बल्बही पूर्ण निर्धोक नाही. विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहावर असे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवतं. उपाय फुकटचा आहे: चपलांच्या खोक्याला आतून काळा कागद लावायचा आणि सेन्सरच्या सोबत आलेल्या पांढऱ्या एलईडींचाच उजेड गोळीवर पडू द्यायचा. खोक्याचं झाकण बसलं त्या दिवशी आमच्या निम्म्या चुका संपल्या.

उरलेल्या चुका गुलाबी, लाल आणि नारिंगी या तिघींत होत्या. 'अमुक आकड्याच्या खाली आला तर लाल' असे नियम लिहीत बसलं की एक दुरुस्त करताना दुसरा बिघडतो. त्यापेक्षा प्रत्येक रंगाच्या दहा-दहा गोळ्या दाखवून त्यांच्या आकड्यांची सरासरी काढावी. ती त्या रंगाची जागा. नवी गोळी आली की ती कुणाच्या जागेच्या सर्वांत जवळ आहे ते मोजायचं. शाळेतला पायथागोरसच, फक्त दोनाऐवजी तीन बाजूंचा. आणखी एक युक्ती भाचीची स्वतःची: चकतीतलं रिकामं भोकही तिनं एक 'रंग' म्हणून शिकवलं. आता गोळी आली नसेल तर यंत्र वाटी बदलत नाही, थांबतं.

रंग ओळखणं हेच सगळ्यांत अवघड, असं बहुतेकांना वाटतं. आमचे सर्वांत जास्त दिवस मात्र एका वेळी एकच गोळी खाली सोडण्यात गेले. जेम्सची गोळी मसुरीसारखी चपटी. नरसाळ्याच्या तोंडाशी चार गोळ्या एकमेकींना टेकून कमान धरतात आणि वरच्या सगळ्या अडतात. चकतीच्या भोकात कधी दोन शिरतात, कधी एक उभी अडकते. आमच्या आजीनं हे पाहून लगेच ओळखलं. रब्बीची ज्वारी पेरताना चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे सारखे सोडते. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर तास रिकामं जातं. आमच्या यंत्राला मूठ नव्हती. शेवटी चकतीची जाडी बरोबर एका गोळीएवढी ठेवली, भोक किंचित सैल केलं आणि चकती पुढे जाण्याआधी थोडी मागे हलवायला लावली. त्या हिसक्यानं कमान मोडते.

चकती हिसका घेऊ लागली आणि बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. 'बोर्ड जळला' असं दुकानात सांगितलं गेलं, तसं नव्हतं. मोटार सुटताना एकदम जास्त वीज ओढते, यूएसबीच्या तारेतून तेवढी येत नाही, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मोटारींना पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा दिला, त्याची आणि बोर्डाची ऋण तार एकत्र जोडली, काम झालं.

वेगासाठी भारी प्रोसेसर हवा, हेही खरं नाही. उनोचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. त्याला वाट पाहावी लागते ती पन्हाळीची. सहा वाट्या अर्धवर्तुळात मांडल्या तर दोन वाट्यांत ३६ अंशांचं अंतर येतं आणि पहिलीवरून सहावीवर जायला या मोटारीला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो.

बार्शी-सोलापूरच्या दाळ मिलमधलं रंगावरून डाळ निवडणारं सॉर्टेक्स यंत्र मात्र वेगवान असतं, कारण तिथे पन्हाळ फिरतच नाही. तूरडाळ उतारावरून पातळ थरात घसरते, कॅमेरे तिला पडता पडता पाहतात आणि काळी किंवा साल चिकटलेली डाळ हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवली जाते. चांगली डाळ यंत्र उचलत नाही, ती आपोआप खाली येते. सॉर्टेक्स हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. १९९३ साली ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलर कंपनीत गेली, पण आपल्या बाजारात तो शब्दच यंत्राचा आणि डाळीचा झाला. त्यावरून आणखी एक गैरसमज आहे: सॉर्टेक्स डाळ म्हणजे पॉलिश केलेली डाळ. पॉलिशमध्ये डाळीला तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन चकाकी आणतात. सॉर्टेक्स डाळीला काही लावत नाही, फक्त निवडतं. पिशवीवर दोन्ही शब्द असू शकतात, एकच असू शकतो. घेताना दोन्ही वेगवेगळे वाचावेत.

घरच्या यंत्रातून गेलेल्या गोळ्या मात्र खायच्या नाहीत. चकतीला डिंक आणि धूळ असते. आणि हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नये. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. आतलं चॉकलेट मऊ पडतं, वरचं साखरेचं कवच तडकतं आणि सेन्सरवर रंगाचा पुसट थर बसतो. मग प्रत्येक गोळी थोडी थोडी लाल भासते. आम्ही सेन्सरची काच कापसानं पुसली, सहाही रंग पुन्हा शिकवले आणि उरलेला सराव बांगड्यांच्या दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या मण्यांवर केला.