व्हॉयनिच हस्तलिखित: चित्रं काय सांगतात, काय नाही

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात हस्तलिखित क्रमांक ४०८ म्हणून नोंदलेला एक ग्रंथ आहे. सुमारे साडेतेवीस सेंटिमीटर उंच, सोळा सेंटिमीटर रुंद, २४० च्या आसपास पृष्ठं, वासराच्या कातड्याचं चर्मपत्र. त्यातली लिपी जगात दुसरीकडे कुठेही सापडलेली नाही, आणि ती आजवर कुणालाही सर्वमान्य होईल अशी वाचता आलेली नाही. पानोपानी चित्रं आहेत: ओळखू न येणाऱ्या वनस्पती, राशिचक्रं, ताऱ्यांची वर्तुळं, हिरव्या-निळ्या पाण्यात उभ्या असलेल्या उघड्या स्त्रिया, मुळ्या आणि पानांच्या ओळींशेजारी औषधाच्या बरण्यांसारखी भांडी. विल्फ्रिड व्हॉयनिच या पोलिश ग्रंथविक्रेत्याने १९१२ मध्ये रोमजवळच्या व्हिला मोंद्रागोनेमधून जेझुइटांकडून तो विकत घेतला, म्हणून त्याचंच नाव ग्रंथाला चिकटलं. दर वर्षा-दोन वर्षांनी ‘अखेर उलगडा झाला’ अशी बातमी येते, महिनाभर गाजते आणि विरून जाते. या ग्रंथाबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच गोंधळातून निघतात: चित्राला काय विचारायचं आणि मजकुराला काय विचारायचं, याची गल्लत. चित्रं बरंच काही सांगतात, पण विचारायला हवं ते विचारलं तरच.

पहिला समज असा की या ग्रंथाबद्दल काहीच माहिती नाही. तो कुठला, कधीचा, सगळंच अंधारात आहे. आणि काहीच माहीत नसेल तर तो खुद्द व्हॉयनिचनेच रचलेला बनाव का नसावा, असा पुढचा प्रश्न आपसूक येतो. वस्तुस्थिती अशी की २००९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात चार वेगवेगळ्या पानांच्या तुकड्यांचं कार्बन कालमापन झालं आणि चर्मपत्राचा काळ ९५ टक्के खात्रीने १४०४ ते १४३८ असा निघाला. शाई त्या काळी युरोपात सर्रास वापरात असलेली, लोहक्षार आणि मायफळाची. यावर नेहमीचा आक्षेप असतो तो असा: कातडं जुनं असेल, पण कोरी जुनी चर्मपत्रं मिळवून त्यावर नंतर लिहिता येतंच की! तत्त्वतः येतं. मात्र या ग्रंथाला किमान चौदा-पंधरा वासरांची कातडी लागली असणार, आणि एवढा एकाच काळातला कोरा साठा पाच शतकांनंतर कुणाच्या हाती लागावा हे अवघड आहे. त्याहून मोठा पुरावा पत्रव्यवहारात आहे. प्रागमधल्या गेऑर्ग बारेश नावाच्या गृहस्थाने १६३९ मध्ये रोममधल्या आथानासियुस किर्चर या जेझुइट विद्वानाला पत्र लिहून आपल्याकडच्या एका ग्रंथाचं वर्णन केलं: अनोळखी लिपी, वनस्पतींची चित्रं, तारे, रसायनविद्येच्या गुपितांसारखं काहीतरी. हे पत्र किर्चरच्या कागदपत्रांत होतं आणि व्हॉयनिचच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी अभ्यासकांच्या नजरेस आलं. ज्या पत्राचा पत्ताच नव्हता, त्याला जुळेल असा ग्रंथ व्हॉयनिच बनवणार कसा?

रॉजर बेकनने तो लिहिला, हा समज तर कालमापनानेच निकालात निघतो, कारण बेकन तेराव्या शतकातला. तो समज आला कुठून, हे मात्र पाहण्यासारखं आहे. प्रागचेच योहानेस मार्कुस मार्ची यांनी किर्चरला ग्रंथासोबत पाठवलेल्या पत्रात ऐकीव गोष्ट म्हणून लिहिलं होतं की सम्राट रुडॉल्फ दुसरा याने हा ग्रंथ ६०० सुवर्णनाण्यांना घेतला आणि सांगणाऱ्याच्या मते लेखक बेकन होता. स्वतः मार्चींनी त्यावर मत द्यायचं टाळलं. व्हॉयनिचने ते टाळलं नाही, कारण बेकनच्या नावाने किंमत चढते.

आता चित्रांकडे येऊ. ती परग्रहावरची किंवा निव्वळ स्वप्नातली वाटतात, असं म्हणणाऱ्यांनी राशिचक्राची पानं नीट पाहावीत. मीन राशीपासून सुरुवात होते. मकर आणि कुंभ यांचं पान आज नाही. धनू राशीवर नेहमीचा अर्धा घोडा, अर्धा माणूस नाही. तिथे दोन पायांवर उभा, अंगरखा घातलेला एक माणूस आहे आणि त्याच्या हातात साधं धनुष्य नसून यांत्रिक आडधनुष्य आहे. अशी धनू रास पंधराव्या शतकात जर्मन भाषिक प्रदेशातल्या हस्तलिखितांत आढळते. राशींच्या मधोमध कुणीतरी नंतर लॅटिन अक्षरांत महिन्यांची नावं लिहून ठेवली आहेत, ती फ्रेंचच्या कुळातल्या एखाद्या बोलीतली दिसतात. शेवटच्या पानावरच्या किरट्या ओळींत जर्मनसारखे शब्द आहेत. सहा पानांएवढ्या मोठ्या घडीच्या पानावर एक छोटासा किल्ला आहे. त्याच्या तटाचे दाते पाकोळीच्या शेपटीसारखे मधे चिरलेले आहेत आणि असे तट उत्तर इटलीत ठायी ठायी दिसतात. यातली कुठलीही एक खूण एकटी फारशी वजनदार नाही. पण केशभूषा, टोप्या, आडधनुष्य, तट आणि कार्बनचा आकडा ही सगळी बोटं आल्प्सच्या दोन्ही बाजूंच्या मुलखाकडे आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाकडेच दाखवतात. चित्रांना ‘तुम्ही कुठली, कधीची?’ असं विचारलं की उत्तर मिळतं ते असं.

वनस्पती मात्र ओळखू येत नाहीत, मग हे लटकं नाही का? मध्ययुगातल्या वनौषधी ग्रंथांशी ज्याचा परिचय आहे त्याला याचं फारसं नवल वाटणार नाही. त्या ग्रंथांतली चित्रं बागेतल्या झाडावरून नव्हे, तर आधीच्या ग्रंथातल्या चित्रावरून उतरवली जात, आणि ते चित्रही आणखी कुठल्या चित्रावरून. चार-पाच पिढ्यांच्या नकलांनंतर पान कशाचं आणि मूळ कशाचं, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नसे. उत्तर इटलीत त्याच सुमारास असे वनौषधी ग्रंथ तयार होत होते ज्यांत मुळांना जनावरांचे आणि माणसांचे आकार दिलेले असत. व्हॉयनिचमधली विचित्र मुळं त्या पंगतीत बसतात. काही थोड्या वनस्पती, विशेषतः एक रानटी व्हायोलेट, बऱ्याच जणांना पटेल इतपत ओळखता येतात. बाकीच्यांवर छातीठोकपणे नाव लावणं म्हणजे आपल्याला हवं ते चित्रात पाहणं. ह्यू ओ’नील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये एका चित्रात सूर्यफूल आणि दुसऱ्यात मिरची पाहिली आणि म्हणून ग्रंथ कोलंबस परतल्यानंतरचा, म्हणजे १४९३ नंतरचा, असं ठरवलं. २०१३ मध्ये आणखी दोन अभ्यासकांनी मेक्सिकोच्या वनस्पती ओळखल्याचा दावा केला. आता कातडं १४३८ च्या आतलं, धनुर्धारी जर्मन मुलखातला, तट इटलीतला, आणि एका अस्पष्ट फुलाच्या जोरावर सगळा ग्रंथ अमेरिकेत न्यायचा? बाकी साऱ्या पुराव्याच्या विरोधात जाण्याइतकं ते फूल स्पष्ट नाही.

खरी चूक याच्या पुढच्या पायरीवर होते: चित्रावरून मजकूर वाचायला जाणं. पेनसिल्व्हेनियाचे विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये एका चक्राकार चित्रात अँड्रोमेडाचा तेजोमेघ पाहिला आणि बेकनजवळ दुर्बीण होती असा निष्कर्ष काढला. अक्षरांच्या रेषांत त्यांना भिंगाखाली दिसणारी सूक्ष्म लघुलिपीही सापडली. जॉन मॅन्ली यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं की त्या सूक्ष्म खुणा म्हणजे खडबडीत चर्मपत्रावर वाळताना शाईला गेलेल्या भेगा होत्या. न्यूबोल्ड लबाड नव्हते; भेगांमध्ये अर्थ शोधण्याइतकं स्वातंत्र्य त्यांनी स्वतःला दिलं होतं, इतकंच. तेच स्वातंत्र्य आजही घेतलं जातं. स्नान करणाऱ्या स्त्रिया दिसतात, म्हणून मजकूर स्त्री-आरोग्याचा, असं २०१७ मध्ये निकोलस गिब्स यांनी मांडलं आणि अक्षरं म्हणजे लॅटिनची संक्षिप्त रूपं ठरवली. जुनी लॅटिन हस्तलिखितं वाचण्यात हयात घालवलेल्यांना त्यांचं लॅटिन व्याकरणातच बसेना. २०१९ मध्ये जेरार्ड चेशायर यांनी भाषा ‘आद्य रोमान्स’ असल्याचं जाहीर केलं, आणि ब्रिस्टल विद्यापीठाने आधी बातमी देऊन मग हात झटकले. पद्धत सगळीकडे एकच: चित्र अमुक वस्तूचं आहे असं मानायचं, शेजारच्या शब्दाला तिचं नाव द्यायचं, त्यातून अक्षरांचे उच्चार काढायचे, ते दुसऱ्या शब्दांवर लावायचे, आणि जिथे अडेल तिथे स्वर गाळायचे, व्यंजन बदलायचं किंवा तिसऱ्याच भाषेतला शब्द घ्यायचा. आधी कळस, मग पाया. अशा मोकळिकीत कुठलाही मजकूर कुठल्याही भाषेत ‘वाचता’ येतो. स्टीफन बॅक्स यांनी २०१४ मध्ये याच वाटेने जाताना निदान दहाएक शब्दांवरच थांबायचा संयम दाखवला, पण त्या शब्दांनीही पुढची पानं उघडली नाहीत.

यावर जाणकार वाचक एक रास्त हरकत घेईल. चित्रांच्या मदतीने लिप्या उलगडल्या आहेतच. प्राचीन ग्रीसमधल्या लिनिअर बी लिपीचं काय? ते उदाहरण नीट पाहिलं तर उलटंच शिकवतं. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये चिन्हांच्या मांडणीचा, शब्दांच्या बदलत्या शेवटांचा बारकाईने अभ्यास करून उच्चारांचा तक्ता बांधला. त्यानंतर ग्रीसमधल्या पायलॉसच्या उत्खननातली एक मातीची पाटी हाती आली; तक्ता बांधताना व्हेंट्रिस यांनी ती पाहिलेली नव्हती. पाटीवर भांड्यांची चित्रं होती: तीन पायांचं, चार कानांचं, तीन कानांचं, बिनकानांचं. तक्ता लावला तर शेजारचे शब्द ग्रीकमध्ये नेमके तेच बोलू लागले. म्हणजे चित्राने उच्चार दिले नाहीत, दिलेले उच्चार तपासले. व्हॉयनिचच्या एकाही दावेदाराने आपला तक्ता आधी गोठवून न पाहिलेल्या पानावर असा चालवून दाखवलेला नाही.

मग मजकुरालाच विचारायचं तर तो काय सांगतो? इथे दोन टोकाचे समज आहेत: एक, ही साधी सांकेतिक लिपी आहे आणि अक्षराला अक्षर बदललं की लॅटिन निघेल, दोन, या सगळ्या निरर्थक रेघोट्या आहेत. पहिला समज टिकत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. कुठल्याही भाषेत एक अक्षर दिसलं की पुढचं कोणतं येईल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. व्हॉयनिचमध्ये हा अंदाज युरोपीय भाषांपेक्षा कितीतरी सहज बांधता येतो, हे येलचे विल्यम बेनेट यांनी १९७६ मध्येच दाखवलं. एक चिन्ह जवळजवळ नेहमीच ठरावीक दुसऱ्याच चिन्हाआधी येतं. काही चिन्हं शब्दाच्या सुरुवातीलाच, काही शेवटीच. आणि एकच शब्द किंवा त्याची किंचित बदललेली भावंडं दोन-तीनदा लागोपाठ येतात. लॅटिनमधल्या प्रत्येक अक्षराऐवजी तुम्ही नवीन आकृती लिहिलीत, तर अक्षरांचे चेहरे बदलतील, त्यांची एकमेकांमागे येण्याची सवय बदलणार नाही. म्हणून साध्या अदलाबदलीने सुटणारी युरोपीय भाषा इथे असूच शकत नाही. स्वर गाळले असतील म्हणावं तर अक्षरांचा अंदाज बांधणं आणखी कठीण होतं, म्हणजे आपण उलट्या दिशेला जातो. २०१६ च्या सुमारास कॅनडातल्या दोन संगणकशास्त्रज्ञांनी हिब्रूचा तर्क मांडला, तेव्हा प्रत्येक शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावलेली आहेत असं त्यांना धरावं लागलं. बातम्यांत मात्र ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने कोडं सोडवलं’ एवढंच छापून आलं.

निरर्थक रेघोट्यांचा पक्ष तुलनेने बळकट आहे. गॉर्डन रग यांनी २००४ मध्ये खिडक्या कापलेल्या जाळीने असा मजकूर भराभर तयार करता येतो हे दाखवलं, पण ती जाळी सोळाव्या शतकातली, चर्मपत्राच्या शंभरेक वर्षांनंतरची. टॉर्स्टेन टिम यांचा तर्क अधिक सुटसुटीत आहे: लिहिणारा वरच्या ओळीतलाच शब्द किंचित बदलून खाली उतरवत गेला. लागोपाठच्या भावंड-शब्दांचा त्यातून उलगडा होतो. तरी काही गोष्टी मागे उरतात. प्रेस्कॉट करियर यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की ग्रंथात मजकुराच्या दोन वेगळ्या ‘भाषा’ आहेत, आणि लिसा फेगन डेव्हिस यांनी २०२० मध्ये अक्षरांच्या वळणांवरून पाच लेखनिक वेगळे काढले. एकट्या ठगाला पाच जणांची गरज काय, हा प्रश्न मला टिम यांच्या बाजूने सुटलेला वाटत नाही. वनस्पतींच्या भागातले शब्द आणि ताऱ्यांच्या भागातले शब्द ठळकपणे वेगळे आहेत, आणि आधी चित्रं काढून मग मजकूर देठा-पानांना वळसा घालत लिहिलेला आहे. २०२५ मध्ये मायकेल ग्रेश्को यांनी फासे आणि पत्ते वापरून लॅटिन-इटालियन मजकुराचं असं कूटलेखन केलं की निकाल बऱ्याच अंशी व्हॉयनिचसारखा दिसतो. ते स्वतः उत्तर सापडल्याचं म्हणत नाहीत. पण अर्थ दडवूनही असा मजकूर त्या काळच्या साधनांनी तयार होऊ शकतो, एवढं त्यातून ठरतं.

चित्रांकडून मिळणारी शेवटची माहिती मात्र सगळ्याच वाचकांनी लक्षात घ्यायला हवी. पानांवरचे क्रमांक नंतर कुणीतरी घातले आहेत. ते ११६ पर्यंत जातात, आज १०२ पानं उरली आहेत. आणि क्रमांक पडण्याआधीच पानं उलटसुलट झाली होती. स्नानाच्या भागातलं ७८ व्या पानाचं मागचं अंग आणि ८१ व्या पानाचं पुढचं अंग शेजारी ठेवलं, तर दोन्हींवरच्या पाण्याच्या रेषा जुळतात आणि मिळून एकच आकृती होते. सध्याच्या बांधणीत त्यांच्यामध्ये दोन पानं येतात. लेखनिकांनुसार भाग वेगळे केले तर वनस्पतींची पानंही सरमिसळ झालेली दिसतात. तेव्हा या ग्रंथाचा सलग अनुवाद आजच्या क्रमाने पानामागून पान सुरळीत पुढे सरकत असेल, तर अनुवादकाला विचारायला हवं की ७८ वरून ७९ वर जाताना त्याचं वाक्य तुटलं कसं नाही.