कोरफडीच्या पानावरचे डाग

कोरफड, घायपात, पानफुटी ही 'लावा आणि विसरा' जातीची झाडं, असा आपला समज असतो. म्हणूनच त्यांचं पान काळं पडलं की आपण एकदम हबकतो आणि कुंडी रिकामी करायला निघतो. ग्वाल्हेरात तर त्यांची वर्षातून दोनदा कसोटी लागते. जानेवारीत काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात ४५ च्या वर.

गेल्या जानेवारीत भाचीचा फोन आला. "मावशी, आजीची कोरफड गेली गं! एका रात्रीत उकडल्यासारखी झाली. टाकून देऊ का?" तिची आजी, म्हणजे माझी आई, जाऊन ३ वर्षं झाली. लष्करातल्या जुन्या घरच्या कोरफडीचं एक पिल्लू भाचीने आपल्या गच्चीवर नेऊन लावलं होतं. फेकलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं, कारण ते घरच आता राहिलेलं नाही.

'उकडल्यासारखी' हा शब्द मात्र अगदी नेमका. इथले शेतकरी याला 'पाला पडा' म्हणतात. (मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं, त्यामुळे पुण्याच्या पाहुण्यांना 'पाल्यावर पाला पडला' समजावून सांगताना मजा येते.) निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. मोबाइलवर ३ अंश दिसत असले तरी पानावर बर्फ धरू शकतो. या झाडांच्या पानांत पाण्याचाच साठा. ते गोठलं की पेशींचे नाजूक पापुद्रे फाटतात आणि ऊन पडल्यावर आतलं पाणी झिरपून पान काचेसारखं पारदर्शक, मग तपकिरी होतं. पानफुटी मूळची मादागास्करची, तिला हे मुळीच सोसत नाही. मेक्सिकोकडची मोठी घायपात शून्याखालीही तग धरते. कोरफड या दोघींच्या मधली.

भाचीला म्हटलं, "आधी मधला कोंब दाबून बघ." तो घट्ट आणि हिरवा होता. म्हणजे झाड जिवंत. लिबलिबीत झालेली २ पानं तिने स्वच्छ सुरीने कापली. नुसती टोकं वाळलेली होती ती राहू दिली, कारण थंडी संपेपर्यंत तीच आतल्या पानांवर पांघरूण घालतात. पाणी बंद. रात्री कुंडी जिन्याच्या छपराखाली. होळीनंतर मधून २ नवी पानं वर आली. जुने डाग काही गेले नाहीत आणि जाणारही नाहीत. अशा पानाची जखम सुकते, पण पुन्हा हिरवी होत नाही. गारांच्या माराचे खड्डेही तसेच राहतात.

उन्हाचा डाग वेगळा ओळखू येतो. तो बहुधा पश्चिमेकडच्या बाजूला, कोरडा, फिकट बदामी असतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप आणून थेट गच्चीवर ठेवलं की हमखास पडतो. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग १०-१५ दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यावं. सगळं पान लालसर झालं, पण घट्ट आहे, तर घाबरू नका. तो झाडाने स्वतःच केलेला बचाव असतो, सावलीत आणलं की हळूहळू हिरवेपणा परततो. नौतपात मात्र दुपारी आडोसा हवाच, मग ती कोरफड असो नाहीतर माणूस.

माझ्या मते थंडी आणि उन्हापेक्षाही जास्त कुंड्या पावसाळ्यात दगावतात. तेव्हा डाग वरून नाही, खालून सुरू होतो. बुडाची पानं पिवळी पडतात आणि बुंधा मऊ लागतो. असं दिसलं तर वाट बघू नका. झाड उपटा, सडलेला भाग निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापा, ४-५ दिवस सावलीत सुकू द्या आणि निम्मी वाळू घातलेल्या कोरड्या मातीत पुन्हा लावा. पहिलं पाणी आठवड्याने.