सोयाबीन : शेतातून ताटापर्यंत

मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्यांच्या अर्थकारणात सोयाबीनने महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. पावसाळ्यात लातूर, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांत दूरवर याच पिकाची हिरवळ दिसते. परंतु मळणी होताच माल बाजार समितीत आणि तेथून तेल गिरणीत जातो. तेल माणसाच्या वाट्यास येते. प्रथिनांनी समृद्ध अशी पेंड मात्र बव्हंशी कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. पिकविणाऱ्याच्या ताटात सोयाबीन क्वचितच आढळते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. सोयाबीनमध्ये शेकडा ३६ ते ४० भाग प्रथिने असतात. तूरडाळीत हे प्रमाण सुमारे २२, तर गव्हात सुमारे ११ आहे. शिवाय ज्वारी, गहू व तांदूळ यांत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते. सोयाबीनमध्ये ते विपुल असते. उलट सोयाबीनमधील मेथिओनिनची उणीव ही धान्ये भरून काढतात. म्हणूनच भाकरी-पोळीच्या जोडीने घेतलेले सोयाबीन अधिक उपकारक ठरते.

मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. उष्णतेने ते बहुतांशी निष्प्रभ होतात. यासाठी निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे शिजवावे, उन्हात कडकडीत वाळवावे आणि नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळून आणावे. एवढ्यानेच पिठातील प्रथिने सुमारे चतुर्थांशाने वाढतात आणि पोळीची चवही फारशी बदलत नाही.

सोयाबीनमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल काहीसे घटते. पण तो हृदयविकारावरील उपचार नव्हे. काहींना सोयाबीनची ॲलर्जी असते. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दोहोंच्या वेळांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या कामी नवी योजना वा मोठा खर्च लागत नाही. ग्रामसभेत, शाळेच्या पालक सभेत अथवा अंगणवाडीत एकदा हे पीठ करून दाखविले आणि त्याची पोळी सर्वांना चाखावयास दिली, तरी पुरे. विक्रीस नेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वर्षभराच्या दळणापुरते सोयाबीन घरी राखून ठेवले, तर शिवारातील ही समृद्धी मुलाबाळांच्या ताटातही उतरेल.